पिल्लू सापडलं तिथेच ठेव

२० मार्च

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. आता उघडलंच आहेस तर दोन ओळी वाच आणि मग खुशाल फाड. तुझ्या रोपवाटिकेत फोन करून पाहिला होता. माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. त्यात तुझी काही चूक नाही.

विचारायचं होतं ते असं. माझ्या गॅलरीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलंय. टांगलेल्या कुंडीत, वेलाच्या आत, आमटीच्या वाटीएवढं. काड्या, मुळं, कोळ्याची जाळी आणि आमच्या लाँड्रीतल्या नंबरपट्टीचा एक तुकडा. लाँड्री बंद होऊन तीन वर्षं झाली, त्यांनी तो कुठून पैदा केला देव जाणे. कालपर्यंत तीन अंडी झाली. गुलाबीसर, त्यावर विटकरी शिंतोडे. आता माझी पंचाईत अशी की कुंडीला पाणी घातलं तर घरटं भिजेल, नाही घातलं तर वेल वाळेल आणि घरटं उघडं पडेल. तू इतकी वर्षं रोपवाटिकेत काढलीस, तुला माहीत असणार. सांगशील?

आता खरं कारण. कुंडीचं काय, ते मास्तरांनाही विचारता आलं असतं.

आपल्या ढब्बूचा फोन आला होता. आधी मी ‘माझ्या’ लिहिलं होतं, ते खोडलेलं तुला दिसतच असेल. ढब्बू हे नाव आता फक्त माझ्या तोंडी राहिलंय. अंगाने तो शिडशिडीत आहे, सहा फूट उंच, लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीला आहे. त्याच्या बायकोला पाचवा महिना लागलाय. त्या पोरीला आई नाही. घाबरलीय बिचारी. म्हणून त्याने विचारलं, “आई, मी झालो तेव्हा तुला त्रास झाला होता का गं?”

मी म्हटलं, “छे रे! सकाळी गेले, दुपारी तू हजर.”

मग त्याने फोन तिच्याकडे दिला. तिने विचारलं, कळा कशा येतात, किती वेळ येतात, ओरडावंसं वाटतं का. आणि मी सांगत सुटले. धाकटे, एक कळ न सोसलेली बाई मी, आणि एका गर्भार पोरीला दहा मिनिटं कळा समजावून सांगितल्या. इतकं सफाईने बोलले की क्षणभर मलाच खरं वाटलं.

त्याला जन्म तू दिलास, हे आता जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे. ह्यांना माहीत होतं, पण ते गेले त्याला चार वर्षं झाली.

वीस एप्रिलला ती दोघं येताहेत. सुनेला समोर बसून सगळं नीट ऐकायचंय म्हणे. मी ठरवलंय, त्या दिवशी त्याला खरं सांगायचं. पण गोष्ट तुझी आहे, तुला न विचारता कशी सांगू? हो म्हण, नाही म्हण, काहीही म्हण. एक महिना आहे.

तुझी ताई
(अजून म्हणू देत असशील तर)


२८ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. मी रोज जिन्यातल्या पेटीत हात घालून बघते. काल मास्तर म्हणाले, “कुणाचं पत्र येणार आहे का?” मी म्हटलं, “लग्नाची मागणी येणार आहे.” ते बिचारे खोकत खोकत घरात गेले.

पाणी मी कुंडीच्या कडेकडेने चमच्याने घालते. मादी बसलेली असते, मी गेले की नुसती मान वळवते. उडत नाही. डोक्यावरचा काळा तुरा तेवढा उभा करते. पहिले दोन दिवस उडून समोरच्या तारेवर बसायची आणि मला शिव्या घालायची. आता मला तिने ‘ही असतेच’ या सदरात टाकलंय. मला बरं वाटलं. हल्ली मला कुणी कुठल्याच सदरात टाकत नाही.

गॅलरीतली दोरी काढून टाकली. जन्म गेला लोकांचे कपडे वाळवण्यात आणि आता माझेच दोन कपडे न्हाणीघरात कुबट वास मारत वाळतात. दिवसभर खुर्ची दाराशी ओढून बसते. आवाज नको म्हणून रेडिओ बंद, मिक्सर बंद. पूर्वी सकाळी दुकानाचं शटर वर केल्यापासून माझं तोंड बंद नसायचं. आता काल लक्षात आलं, दोन दिवसांत मी मास्तरांशी बोललेलं ते एक वाक्य सोडून कुणाशी बोलले नव्हते. बोलून पाहिलं तर घसा खरखरला. तिच्याशीच बोलले मग. म्हटलं, बाई गं, बस, मी कुठे जात नाहीये.

तुझं रागावणं मला समजतं. पण तुला आठवतं ना, त्या वेळी तू कशी होतीस? तुझा नवरा अपघातात गेला आणि दोन महिन्यांनी हा झाला. तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. नर्सने बाळ जवळ आणलं तर म्हणायचीस, घेऊन जा. विसाव्या दिवशी मी त्याला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं तेव्हा तू मान वळवून पाहिलंही नाहीस. दोष देत नाही मी.

देतेय. थोडासा देतेय. अठ्ठावीस वर्षं हेच एक वाक्य मी स्वतःला ऐकवत आले, ते एकदम कसं टाकून देऊ?

ताई


२ एप्रिल

झाली! दोन झाली, काल एक आणि आज पहाटे एक. तिसरं अंडं तसंच आहे, ते बहुतेक वाया गेलं.

इतकी कुरूप पिल्लं मी जन्मात पाहिली नाहीत. उघडीबोडकी, डोळे मिटलेले, सोललेल्या शेंगदाण्याएवढं डोकं आणि त्यात सगळी चोचच. जरा फांदी हलली की आ वासून उभी. आई-बाप दोघंही आणतात. मी घड्याळ लावून बसले, एका तासात चौदा फेऱ्या! किडे, अळ्या, नाकतोडे. मधे एकदा बापाने एवढा मोठा नाकतोडा आणला की तो कुणाच्याच तोंडात जाईना, शेवटी त्याने स्वतःच खाल्ला आणि इकडेतिकडे बघत बसला, जणू हेच ठरलं होतं.

मी आनंदाने “झाली गं झाली!” म्हणत आत धावले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सांगणार कुणाला? मग जिन्यात जाऊन मास्तरांना हाक मारली. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “कोण झाली?” त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, तोवर माझा अर्धा आनंद विझला होता.

तुला हे वाचताना हसू आलं असेल तर तेवढं तरी कळव.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

तू काही लिहिणार नाहीस असं दिसतंय. गप्प आहेस म्हणजे नकार नाही, असा मी सोयीचा अर्थ काढला. सोयीचे अर्थ काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ढब्बूला काय सांगायचं ते मी कागदावर उतरवलंय. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिलं. ऐक:

“बाळा, तुझी मावशी म्हणजेच तुझी आई. तुझा बाप तू जन्मायच्या आधीच गेला. ती खूप आजारी पडली, तिला तुला सांभाळणं झेपलं नाही. म्हणून तिने तुला माझ्या ओटीत घातलं. आम्हाला मूल नव्हतं. आम्ही तुला जिवापाड जपलं.”

बस. एवढंच. यात कुणी वाईट होत नाही. तू आजारी होतीस, आजारपण काही गुन्हा नाही. मी जपलं, तेही खोटं नाही. त्याला वाईट वाटेल, थोडा रडेल, मग जेवायला बसेल. चालेल ना?

पिल्लांना पिसं फुटली. डोळे उघडले. थोरलं जास्त आगाऊ आहे, धाकट्याच्या डोक्यावर पाय देऊन उभं राहतं आणि प्रत्येक घास आधी आपणच खातं. मी त्याला बोटाने दटावलं तर आईने माझ्या कपाळावर पंख मारला. बरोबरच आहे, मी कोण दटावणारी?

काल सून फोनवर म्हणाली, “आई, मी एक वही केलीय. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यात लिहून ठेवते.” माझ्या खोट्या कळा तिच्या वहीत आहेत. रोज रात्री ती त्या वाचत असेल.

ताई


१३ एप्रिल
(कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल म्हणाला)

धाकटे, घाई आहे, जरा वाच आणि ताबडतोब सांग.

आज सकाळी घरटं रिकामं. थोरलं समोरच्या झुडपात दिसलं. धाकटं खाली, सायकली लावतात तिथे जमिनीवर. उडता येत नव्हतं, नुसतं टुणटुण करत होतं. शेपूट अजून बोटाच्या पेराएवढी. आणि मास्तरांची मांजर चार हातांवर दबा धरून! मी चपलेने तिला हाणलं आणि पिल्लू पदरात घेऊन वर आले.

शर्ट घालून द्यायचे ना आमचे पुठ्ठ्याचे खोके, त्यातल्या एकात जुनं फडकं घालून ठेवलंय. दुपारपर्यंत चोच घट्ट मिटलेली. आई-बाप दोघं खिडकीच्या जाळीला येऊन लटकले. चोचीत अळी, आणि काय तो आरडाओरडा! पिल्लू इकडून ओरडतंय, ती तिकडून. मला वाटलं जाळी काढली तर मांजर शिरेल, किंवा हे खाली पडेल. त्यांचं ते ओरडणं मला सहन होईना, म्हणून पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पिल्लू गप्प झालं.

चारच्या सुमारास मी उकडलेल्या अंड्याचा बलक काडीच्या टोकाला लावून धरला आणि धाकटे, त्याने चोच उघडली! माझ्यासाठी! मग दर पंधरा मिनिटांनी. आता मी नुसती खोक्याजवळ गेले तरी आ करतं, माझ्या बोटावर चढून बसतं. एका दिवसात ओळखायला लागलं गं मला. तुला काय सांगू किती बरं वाटतंय. घरात कुणीतरी आहे.

पंख भक्कम होईपर्यंत आठ-पंधरा दिवस ठेवून घेऊ का? नीट बघेन मी त्याच्याकडे. की चुकतंय माझं?

माझा फोन नंबर पाकिटामागे लिहिलाय.

ताई


१५ एप्रिल

धाकटे,

काल दुपारी तुझा निरोप आला. मोबाइलवर, अनोळखी नंबरावरून, दोन वाक्यं. “पिल्लू सापडलं तिथेच ठेव. आई जवळच असते.” खाली नाव नाही. वर ताई नाही. अठ्ठावीस वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ते एवढंच. तरी मी तो नंबर वहीत उतरवून घेतला आणि तीनदा पडताळून पाहिला.

मी लगेच ठेवलं नाही. खरं तेच लिहिते. आधी म्हटलं, इतक्या लांबून तिला काय कळतंय, तिने कुठे मांजर पाहिलीय. मग म्हटलं, आणखी एक दिवस. मग पडदा सरकवला. तर मादी तिथेच. जाळीच्या कोपऱ्यात, पिसं विस्कटलेली, चोचीत अळी. दीड दिवस ती खिडकी सोडून गेली नव्हती. मी पडदा ओढला म्हणून ती मला दिसत नव्हती, एवढंच.

खोकं खाली नेलं. मास्तरांना मांजर कोंडायला सांगितलं. पिल्लाला झुडपाच्या खालच्या फांदीवर ठेवलं आणि मी जिन्याच्या आडोशाला उभी राहिले. आई दोन फांद्या सोडून येऊन बसली, हाक मारायला लागली. आणि पिल्लू कुणाकडे बघून आ करत होतं माहीत आहे? माझ्याकडे. जिन्याकडे. माझं मन किती चोरटं आहे बघ, त्या क्षणी मला आतून आनंद झाला. तिने चार वेळा अळी पुढे केली, चार वेळा याने तोंड फिरवलं. शेवटी मी उलट्या पावली जिना चढून घरात आले, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. अर्ध्या तासाने मास्तरांनी खालून ओरडून सांगितलं, “खाल्लं हो! आईच्या चोचीतून खाल्लं!”

तू म्हणशील, ताई पाखराच्या आडून बोलतेय. हो, बोलतेय. आता आडोसा काढते.

तू त्याला न्यायला आली होतीस. त्याला सातवा महिना लागला होता. सकाळी अकराची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं. तू बरी झाली होतीस. मला पाहताक्षणी कळलं होतं तू बरी झालीस, केस नीट विंचरलेले, डोळे जागेवर. हातात दवाखान्यात विणलेली पिवळी टोपी. ती त्याला लहान झाली असती. विसाव्या दिवशीचं डोकं लक्षात ठेवून विणली होतीस तू.

तू म्हणालीस, “ताई, न्यायला आलेय.”

आणि मी त्याला कडेवर घेऊन, काउंटरच्या आतून म्हटलं, “पावतीमागे काय लिहिलंय वाचलं नाहीस? सहा महिन्यांच्या आत न नेल्यास दुकान जबाबदार नाही.”

एक गिऱ्हाईक खो खो हसलं. तूही हसलीस, थट्टा समजून. मग माझ्याकडे पाहिलंस आणि तुझं हसणं गेलं.

तू हात पुढे केलेस, तर तो माझ्या खांद्याला चिकटून रडायला लागला. मी म्हटलं, “बघ, ओळखतसुद्धा नाही तुला.” कसा ओळखणार? दवाखान्यातून तू चार वेळा निरोप पाठवला होतास, एकदा त्याला घेऊन ये म्हणून. मी चारही वेळा कळवलं, त्याला सर्दी झालीय. एकदाही झालेली नव्हती. धडधाकट पोर होतं. तुझ्याकडे नेलं आणि त्याने तुझ्याकडे झेप घेतली तर, याची मला धास्ती होती.

हे मला म्हणाले होते, “देऊन टाक गं, तिचं आहे ते.” मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि तुला मी म्हणाले, “उद्या पुन्हा तुझं डोकं फिरलं, तर या पोराचं काय?” तू त्यालाच घाबरलीस. माझा शब्द तू डॉक्टरच्या शब्दाच्या वर धरायचीस, लहानपणापासून. ते मला माहीत होतं, म्हणूनच बोलले. मग माझ्या गळ्याची शपथ घातली, त्याला कधी काही सांगणार नाहीस म्हणून. तू ती पाळलीस. मला आतून वाटायचं, मोडशील. एक दिवस येऊन दारात उभी राहशील आणि मला देणं भाग पडेल. तू आलीच नाहीस. मी शपथ घालणारी, आणि चिडले तुझ्यावर, की तू ती मोडत का नाहीस!

आज सोडवते. शपथ सुटली, सुटली, सुटली. लहानपणी तीनदा म्हणावं लागायचं ना?

तो कागद फाडला, ‘ओटीत घातलं’ लिहिलेला.

ताई


२१ एप्रिल
(कुरिअर)

धाकटे,

पाखरांचं आज काही नाही.

काल दोघं आली. जेवणं झाली. सून पाय पसरून वही घेऊन बसली, म्हणाली, “हं आई, आता पहिल्यापासून.” मी म्हटलं, “पोरी, त्यातलं मी सांगितलेलं सगळं खोड. मला कळा कधी आल्याच नाहीत. मला मूलच झालं नाही.”

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ढब्बूला नाही वाटलं. त्याने हातातला पेला खाली ठेवला.

मी सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. तुझा नवरा, तुझं आजारपण, विसावा दिवस, टॉवेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “आणि बरी झाल्यावर? न्यायला नाही आली?”

धाकटे, ‘नाही’ म्हटलं असतं तर संपलं होतं. एक शब्द. तो माझ्याजवळच राहिला असता. थोडा रडला असता आणि म्हणाला असता, आई, तूच माझी आई. मला दिसत होतं ते, त्याच्या चेहऱ्यावर तयारच होतं. माझ्या ‘नाही’साठी तो थांबला होता. जीभ टाळूला लागली होती माझी.

मी म्हटलं, “आली होती. मी दिलं नाही.”

“काय सांगितलंस तिला?”

तेही सांगितलं. शब्दाला शब्द. धाकटे, त्या पावत्यांवरच तो वाचायला शिकला होता. काउंटरवर बसून बोट ठेवून मोठ्याने वाचायचा, ‘स-हा म-हि-न्यां-च्या आ-त’, आणि मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, बघा, माझा ढब्बू वाचतो.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. न्हाणीघरात गेला, बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आला तेव्हा केस ओले होते. म्हणाला, “पत्ता दे.”

आई, पत्ता दे, असं नाही. नुसतं, पत्ता दे.

मी दिला. मुक्कामाला आली होती दोघं, दोन दिवसांचे कपडे घेऊन. सुनेने ती बॅग उघडलीही नव्हती. दारात ती थांबली. त्याच्याकडे न बघता मला हळूच विचारलं, “त्यांना किती वेळ लागला होता?” मी म्हटलं, “एकवीस तास. मी दाराबाहेर होते. तिने एकदाही आरडाओरडा केला नाही, नुसती माझं नाव घेत होती.” ती म्हणाली, “मग बाकीचं त्यांनाच विचारते.” माझ्या हातावर हात ठेवला आणि गेली. जिना उतरताना त्याने तिची बॅग घेतली, तिचा हात धरला. मागे वळून पाहिलं नाही.

आज ती दोघं आपल्या घरी पोचली असतील. रविवारी तुझ्याकडे यायला निघणार आहेत, एवढं मला सुनेने कळवलंय. म्हणून हे पत्र घाईने. रविवारी घरात राहा. तुला भीती वाटेल. मला माहीत आहे तू कशी घाबरतेस, दार लावून. लावू नकोस. तुझं डोकं फिरणार नाही, कधीच फिरलं नव्हतं. तुझा नवरा गेला होता आणि तू रडत होतीस, एवढंच झालं होतं. ते मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

तो फार बोलणार नाही. रागावला की घरातलं काहीतरी दुरुस्त करायला घेतो. तुझ्याकडे मोडकं काही असेल तर वर काढून ठेव, त्याला हाताला काम मिळालं की बरं पडतं. चहा बिनसाखरेचा. डाव्या गुडघ्याला शाळेतल्या पडण्याची खूण आहे, ती कशी झाली विचारलंस तर तो खुलतो. ही यादी मी का देतेय कळत नाही. तुला द्यायला माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं आहेत आणि ती पत्रात मावत नाहीत.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तेवढं तोंड माझं राहिलेलं नाही. त्याने माझ्याबद्दल काही विचारलं तर खरं तेच सांग, माझी बाजू घेऊ नकोस. तुला ती सवय आहे.

आणि एक. तो तुला आई म्हणाला, तर मला कळवू नकोस.

नको, कळव. त्याच नंबरावरून, एक ओळ. मी फोन जवळ घेऊन बसलेय.

ताई